पुस्तक नेमकं कुठे आहे?



'लोकेशन' हा शब्द आपल्याला आता पाठ झाला आहे. शाळेत झाड लावलं, जिओ टॅग फोटो पाठवा. उपक्रम घेतला, लोकेशनसह फोटो पाठवा. प्रशिक्षणाला पोहोचलात, लोकेशन ऑन करून हजेरी नोंदवा. आपण शिक्षक नेमके कुठे उभे आहोत हे मोबाईलला मीटरच्या हिशेबात कळतं. पण त्याच मोबाईलला मी विचारलं, की बाबा रे, प्राथमिक गणित अध्यापनावरचं अमुक पुस्तक विद्यापीठाच्या ग्रंथालयात कुठल्या मजल्यावर, कुठल्या रॅकमध्ये आहे, आणि आज ते तिथे आहे का, तर तो गप्प बसतो. माझं सगळं गाऱ्हाणं या उलट्या कारभाराबद्दल आहे.

प्राथमिक शाळेतल्या बाईंना विद्यापीठाच्या ग्रंथालयाची काय काळजी, असं कुणी म्हणेल. काळजी आहे. डीएड करून नोकरीला लागलेले आपल्यातले कितीतरी जण पुढे नोकरी सांभाळून बीए, बीएड, एमए करतात. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं, तेव्हापासून ही वाट कितीतरी शिक्षकांनी धरली आहे. नोट्स घरी येतात, पण प्रकल्प लिहायचा म्हटलं की संदर्भ पुस्तकं लागतात, आणि ती तालुक्याला मिळत नाहीत. मग जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाची वारी ठरलेली. दुसरं म्हणजे आपल्या हाताखालून गेलेली मुलं आठ-दहा वर्षांनी त्याच ग्रंथालयाच्या दारात उभी राहतात. त्यातली बरीचशी घरातली पहिली पदवीधर असतात. त्यांना तिथे कुणी हात धरून नेत नाही.

आता अशी एक वारी कशी असते ते बघा. कुठलं विद्यापीठ ते सांगत नाही, कारण हे कमी-जास्त सगळीकडे सारखंच आहे. सकाळी सहाची एसटी. महिलांना तिकीट अर्धं आहे, पण रजा पूर्ण जाते. पोहोचायला साडेआठ-नऊ. बाहेरच्या वाचकांसाठी वेगळा अर्ज, ओळखपत्र, एका दिवसाची परवानगी. मग संगणकावर शोध घ्यायचा, त्याला तिथे ओपॅक म्हणतात. पुस्तकाचं नाव टाकलं की वर्गांक येतो आणि पुढे 'उपलब्ध' असं लिहिलेलं असतं. आपण खूश होऊन वर जातो. तिथे वीस-पंचवीस रॅकच्या रांगा, टोकाला लावलेल्या पाट्यांवरचे आकडे पुसट झालेले, आणि आपलं पुस्तक जागेवर नाही.

वर्गांक म्हणजे काय ते ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली विषयांना आकडे देण्याची पद्धत काढली. शिक्षण म्हणजे ३७०, त्यात प्राथमिक शिक्षण ३७२, त्यात गणित ३७२.७. मराठी साहित्य ८९१.४६. आपल्या पिनकोडसारखंच आहे हे. पहिला आकडा मोठा प्रदेश सांगतो आणि पुढचे आकडे आपल्याला पोस्टापर्यंत आणून सोडतात. (पिनकोडची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. १५ ऑगस्ट १९७२ ला ती देशभर सुरू झाली. पाचवीच्या पुढच्या मुलांना हे जरूर सांगा, त्यांना आवडतं.) पण पिनकोडने पोस्ट सापडतं, घर सापडत नाही. घरासाठी पोस्टमन लागतो.

आणि त्या ग्रंथालयात असा एक पोस्टमन आहे. ग्रंथालय परिचर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मी दहा-पंधरा मिनिटं शोधून दमले तेव्हा ते स्वतःच जवळ आले. "मॅडम, तीनशे बहात्तरमध्ये नाही सापडायचं ते. बीएडची पोरं काढतात आणि तशीच ठेवून जातात. खिडकीपाशी टेबल आहे ना, तिथं बघा." पुस्तक तिथेच होतं. बसल्या बसल्या मी त्यांना आणखी दोन पुस्तकांची नावं सांगितली. एक बांधणीला गेलेलं होतं. दुसरं कुणा प्राध्यापकांच्या नावावर बऱ्याच दिवसांपासून आहे, तेव्हा त्याची वाट बघू नका म्हणाले. संगणक मात्र या दोन्हींपुढे 'उपलब्ध' म्हणत होता. आठ हजार पुस्तकं असोत की लाख, मामांना मजला, रॅक, फळी तोंडपाठ आहे. पावसाळ्यात कुठल्या भिंतीला ओल येते आणि मग तिथली पुस्तकं कुठे हलवतात, तेसुद्धा. बोलता बोलता सहज म्हणाले, "अजून दीड वर्ष आहे मॅडम, मग सुटी." त्यांच्या जागी नवीन माणूस येईल का, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मला वाटतं, मोबाईलच्या लोकेशन तंत्रज्ञानाचा ग्रंथालयाला काय उपयोग, हा प्रश्न इथून सुरू व्हायला हवा. मामांना जे ठाऊक आहे ते नवख्या वाचकाच्या हातात कसं द्यायचं?

हे जगात नवीन नाही. फिनलंडमधल्या ओउलू विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयात २००३ साली 'स्मार्टलायब्ररी' नावाची सेवा करून पाहिली होती. तेव्हा आजच्यासारखे फोन नव्हते, हातात मावणारे छोटे संगणक होते. पुस्तक शोधलं की पडद्यावर ग्रंथालयाचा नकाशा यायचा, त्यावर वाचक कुठे आहे आणि पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते दिसायचं. आपल्याकडे बऱ्याच घरांत तेव्हा साधा मोबाईलही आला नव्हता. म्हणजे कल्पना वीस वर्षांहून जुनी आहे, आणि ज्या फोनवर ती चालेल तो आज आपल्या प्रत्येकाच्या पर्समध्ये आहे.

आता तंत्राची बाजू. अनेकांना वाटतं गूगल मॅप जसा गावात रस्ता दाखवतो तसा इमारतीतही दाखवेल. तसं होत नाही. जीपीएस उपग्रहांच्या संदेशावर चालतं, आणि स्लॅबच्या खाली तो संदेश क्षीण होतो. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा फोनला साधारण पाच मीटर इकडे-तिकडे धरूनच चालावं लागतं. ग्रंथालयात पाच मीटर म्हणजे दोन-तीन रॅक, आणि मजला कोणता ते वेगळंच. म्हणून इमारतीच्या आत दुसरे उपाय करतात. एक म्हणजे वायफाय. कुठल्या यंत्राचा सिग्नल जोरात येतो त्यावरून फोन अंदाज बांधतो. दुसरा ब्लूटूथ बीकन. ही छोटी डबी असते, भिंतीला किंवा रॅकला चिकटवतात, बॅटरीवर चालते. तिला स्वतःला काही कळत नसतं. वर्गातल्या एखाद्या मुलाने दिवसभर "मी रोल नंबर सात, मी रोल नंबर सात" असं म्हणत राहावं, तसं ती फक्त आपला नंबर ओरडत राहते. फोन तो ऐकतो आणि समजतो की आपण सात नंबरच्या जवळ आहोत. बॅटरी संपली की सात नंबर गैरहजर. ती कोण बदलणार, कोणत्या खर्चातून, हे आधी ठरलं नसेल तर दोन वर्षांत भिंतीवर नुसत्या डब्या उरतात. आपल्या शाळांमधली बंद पडलेली उपकरणं आठवा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

सगळ्यात स्वस्त उपाय क्यूआर कोडचा. प्रत्येक रॅकच्या टोकाला एक कागद चिकटवा. वाचकाने स्कॅन केलं की 'तुम्ही दुसऱ्या मजल्यावर ३७० ते ३७९ च्या रांगेत आहात' असं दिसेल आणि शेजारी नकाशा येईल. बॅटरी नको, कुणाचं लोकेशन ऑन करायला नको. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड आपल्या चौथीच्या मुलांना स्कॅन करता येतात, मग एमएच्या मुलांना का नाही येणार?

पण या सगळ्यात एक मोठी गोम आहे. बीकन असो, वायफाय असो की क्यूआर, ही साधनं वाचक कुठे उभा आहे ते सांगतात. पुस्तक कुठे आहे ते नोंदीवरून सांगतात, म्हणजे पुस्तक जिथे असायला हवं ती जागा. प्रत्यक्षात ते खिडकीजवळच्या टेबलावर असेल तर फोन आपल्याला अगदी अचूकपणे रिकाम्या जागेसमोर नेऊन उभा करेल. काही विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पुस्तकांना आरएफआयडी चिप लावली आहे. लोकांचा समज असा, की चिप आहे म्हणजे पुस्तक कुठेही असलं तरी संगणकावर दिसतं. तसं नसतं. ती चिप फार तर हातभर अंतरावरून वाचता येते. कुणीतरी वाचक यंत्र हातात घेऊन रॅकसमोरून चालत गेलं, तर चुकीच्या जागी लागलेलं पुस्तक ते दाखवून देतं. हा चांगलाच उपयोग आहे, पण चालत जाणारा माणूस हवाच. ग्रंथालयातली पदं रिकामी ठेवून वर ॲप आणलं, तर ते ॲप सकाळ-संध्याकाळ खोटं बोलेल.

आणि खरं सांगायचं तर माझ्यासारखीची अडचण ग्रंथालयात पोहोचल्यानंतरची कमी, निघण्याआधीची जास्त आहे. इमारतीच्या आत रस्ता चुकला तर वीस मिनिटं जातात. पुस्तकच नसेल तर रजा जाते, भाडं जातं, दिवस जातो. त्यामुळे मला विचाराल तर लोकेशनचा पहिला वापर रॅकपाशी नको, घरी हवा. मी पुस्तकाचं नाव टाकावं आणि फोनने सांगावं, की हे पुस्तक तुमच्यापासून सत्तर किलोमीटरवरच्या विद्यापीठात आहे, पण बावीस किलोमीटरवरच्या अमुक महाविद्यालयातही एक प्रत आहे, आणि ती आज कपाटात आहे. ग्रंथालय पाच वाजता बंद होतं. दोन दिवस राखून ठेवायचं का? इतकं कळलं तरी निम्मी लढाई जिंकली.

हे स्वप्नातलं नाही. वर्ल्डकॅट नावाची जगभरच्या ग्रंथालयांची एकत्र यादी आहे, तिच्यात आपलं ठिकाण टाकलं की त्या पुस्तकाची प्रत असलेली जवळची ग्रंथालयं दिसतात. आपल्याकडेही गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने भारतीय विद्यापीठांच्या ग्रंथालयांची 'इंडकॅट' ही एकत्रित यादी केली आहे. म्हणजे कुठल्या विद्यापीठात काय आहे, याची पायाभरणी झालेली आहे. राहिलंय ते तालुक्याच्या महाविद्यालयांपर्यंत ही यादी आणणं, आणि 'आज आहे का' हे खरं खरं सांगणं. आणि बाहेरच्या वाचकाला दारातून आत घेणं. हा शेवटचा भाग तंत्रज्ञानाचा नाही, मनाचा आहे. बावीस किलोमीटरवर पुस्तक आहे हे कळूनही 'आमच्या विद्यार्थ्यांनाच मिळेल' असं उत्तर आलं, तर त्या माहितीचं मी काय करू?

"आता कोण ग्रंथालयात जातं मॅडम, सगळं मोबाईलवर आहे," असं आमच्या स्टाफरूममध्येही म्हणतात. नाही हो, सगळं नाही. प्रबंध शोधगंगेवर मिळतात, आयआयटी खरगपूरने उभं केलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयावर पुष्कळ साहित्य आहे, मी दोन्ही वापरते. पण आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. म्हणजे गेल्या पन्नास-साठ वर्षांत मराठीत शिक्षणावर जे लिहिलं गेलं, त्यातलं बहुतेक फुकट आणि रीतसर ऑनलाइन मिळणं शक्यच नाही. ते कागदावर आहे आणि कुठल्यातरी फळीवर धूळ खात बसलं आहे. इंग्रजी चांगलं असलेल्या मुलाचं मोबाईलवर भागेल कदाचित. मराठीतून एमए करणाऱ्याचं भागत नाही.

आणि ग्रंथालयात कोण जातं म्हणाल, तर सकाळी सातला जाऊन बघा. अभ्यासिकेबाहेर रांग असते. स्पर्धा परीक्षेची मुलं. एक जण येतो आणि चार खुर्च्यांवर चार बॅगा ठेवून चहाला जातो. लांबच्या वस्तीवरून येणारी मुलगी नऊला पोहोचते तेव्हा जागा 'भरलेली' असते, बसलेलं कुणी नसतं. कुठल्या मजल्यावर किती खुर्च्या मोकळ्या आहेत हे फोनवर दाखवणं सोपं आहे, प्रत्येक खुर्चीला एक क्यूआर लावला तरी होतं. अर्धा तास जागा रिकामी असेल तर ती दुसऱ्याला, असा नियमही करता येईल. बॅगेला मात्र क्यूआर स्कॅन करता येत नाही!

आता पालकांशी थोडं बोलायचं आहे. एका पालक सभेनंतर एका आईने मला विचारलं, "मॅडम, माझी मोठी लेक विद्यापीठात आहे. ती ग्रंथालयात गेली की मला मेसेज येईल, असं काही असतं का हो?" त्यांची काळजी मला कळते. मुलगी परगावी, हॉस्टेलला, आणि बातम्या काय येतात ते आपण सगळे वाचतो. पण ताई, माझं उत्तर 'नसावं' असंच आहे.

का ते सांगते. ग्रंथालयात लोकेशन म्हणजे नुसतं 'इमारतीत आहे' एवढं नसतं. कुठल्या रॅकसमोर ती किती वेळ उभी राहिली, हेही त्यात येतं. समजा एखादी मुलगी घरगुती हिंसाचाराच्या कायद्याचं पुस्तक चाळते आहे. एखादा मुलगा मानसिक आजारांवरचं वाचतो आहे. कुणी आपल्या घरच्यापेक्षा वेगळ्या विचारांचं वाचतं आहे. हे कुलसचिवांना, विभागप्रमुखांना, वडिलांना किंवा होणाऱ्या सासरच्यांना कळायचं काय कारण? जिथे कुणी बघत नाही तिथेच माणूस मनातला प्रश्न शोधतो. आपल्यावर लक्ष आहे हे कळलं की मुलं फक्त अभ्यासक्रमातली पुस्तकं काढतील. वर्गात साहेब आले की मुलं कशी वागतात ते आपण शिक्षकांना वेगळं सांगायला नको. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३ चा कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांचा असा माग काढण्याला आळा घालतो. विद्यापीठातली मुलं तर बहुतेक अठराच्या पुढची, म्हणजे कायद्याने सज्ञान. त्यांचा माग घ्यायचा आपल्याला काय अधिकार?

म्हणून माझी अट साधी आहे. ॲपने माझं लोकेशन मागू नये. जवळचं ग्रंथालय शोधायला पिनकोड पुरतो, मी तो स्वतः टाकेन. आत गेल्यावर रॅकचा क्यूआर मी हवा तर स्कॅन करेन, नको तर करणार नाही, आणि स्कॅन करताना नाव-गाव विचारू नये. पुस्तक परत केलं की ते मी नेलं होतं ही नोंद माझ्या नावापुढून निघावी. देवघेवीचा आकडा ठेवा, किती वेळा गेलं ते ठेवा, कुणी नेलं ते कशाला?

एक भीती मला आहेच. अशी योजना आली तर ती याच क्रमाने येईल का? की आधी हजेरी येईल? विद्यार्थी ग्रंथालयात किती तास बसला याचा तक्ता काढणं फार सोपं आहे, आणि तक्ता कुठल्यातरी अहवालात चांगला दिसतो. पुस्तक जागेवर लावण्याचा फोटो काढता येत नाही. तेव्हा काम कशाचं आधी होईल, हे आपण इतकी वर्षं फोटो पाठवून शिकलो आहोत.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावाने १२ ऑगस्टला आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो. मुळात ते गणिताचे शिक्षक, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. त्या दिवशी फोटोला हार घालून भाषणं होतात. यंदा एखाद्या विद्यापीठाने त्याऐवजी आपल्या मामांना खुर्चीवर बसवावं, ग्रंथालयशास्त्राच्या चार विद्यार्थ्यांना वही घेऊन समोर बसवावं आणि एकेक मजल्याचा नकाशा काढून घ्यावा. तिसरीच्या परिसर अभ्यासात आपण दिशा आणि नकाशा शिकवतो, त्याहून अवघड काम नाही हे. तो नकाशा आधी दारात मोठ्या अक्षरात लावा, मग मोबाईलवर टाका. ज्याच्या फोनमधला डेटा संपला आहे, त्यालाही दारातला नकाशा वाचता येतो.

ज्यांची मुलं यंदा विद्यापीठात जात आहेत त्या पालकांना आणि पुढचं शिक्षण घेणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. ग्रंथालयात अभिप्रायाची वही असते, तिच्यात 'सेवा चांगली आहे' असं लिहून येऊ नका. ऑनलाइन यादीत वर्गांकापुढे मजला आणि रॅक नंबर द्या, बांधणीला गेलेल्या पुस्तकापुढे 'उपलब्ध' लिहू नका, एवढं लिहा. त्यासाठी निधी यायची वाट बघावी लागत नाही. आपल्याकडच्या कितीतरी ग्रंथालयांत 'कोहा' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालतं. न्यूझीलंडमध्ये तयार झालं, माओरी भाषेत त्या शब्दाचा अर्थ 'भेट'. त्यात प्रत्येक प्रतीची जागा लिहायला एक रकाना पहिल्यापासून आहे. तो भरायला घ्यावा.